कोठडीतल्या गाण्याचे वारस

मी भागीरथीबाई, कैलासवासी श्रीनिवासरावांची पत्नी, वय सहासष्ट, राहणार मानंबुचावडी, तंजावूर, आज आपल्या घरी खुर्चीवर बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. मजवर कोणी जुलूम केलेला नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. माझी मूत्रपिंडे थकली आहेत, डोके थकलेले नाही. डॉक्टर वर्षा यांनी तसा दाखला दिला आहे. त्यांनी मला पंतप्रधान कोण म्हणून विचारले. अलीकडे ते इतके भराभर बदलतात की मी क्षणभर थांबले. डॉक्टर म्हणाल्या, "थांबलात हेच बरं. शुद्धीवर असलेली माणसंच हल्ली थांबतात."

या मृत्युपत्राचा तमिळ मसुदा वकील त्यागराज यांनी केला आहे व तो सोबत नोंदवला जाईल. दोहोंत फरक निघाला तर हा मराठी कागद खरा धरावा. माझ्या भावाचा मुलगा मुरलीकृष्ण याला नागरी लिपी वाचता येत नाही. त्याला हा कागद त्याच्या मुलीकडून, हरिताकडून, वाचून घ्यावा लागेल. तसे व्हावे म्हणूनच मी मराठीत लिहिते आहे.

१. घर. मानंबुचावडीतले तीन खोल्यांचे कौलारू घर व मागचा विहिरीचा तुकडा माझ्या एकटीच्या मालकीचे आहेत. शिवणाच्या कमाईतून मी दोन्ही घेतले. हे घर हरिताला द्यावे. मुरलीने तेथे यात्रेकरूंसाठी लॉज बांधण्याचा नकाशा काढून ठेवला आहे. नकाशा सुरेख आहे. त्याने तो दुसऱ्या जागेवर वापरावा.

हे घर मी का घेतले तेही लिहून ठेवते. आफ्रिकेहून परत आलो तेव्हा माझे यजमान व मी भावाच्या घरी उतरलो. पहिल्याच दिवशी ताराबाईवैनी माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "भागी, तुझें ताट निराळें ठेविलें आहे. मनास लावून घेऊ नको. लेकराबाळांचें घर. तूं तिकडे काप्पिरी बायांच्या, काळ्यांच्या, पंक्तीस जेवलीस, जेलांत राहिलीस. लोक विचारतात."

मी म्हटले, "वैनी, त्या पंक्तीस जेवायला मिळालंच नाही. आम्ही सगळ्या उपाशी होतो."

त्या ताटात मी काही वर्षे जेवले. ते पितळी ताट आता वैनींना द्यावे. नवे होते तसेच आहे. मी ते रोज चिंचेने घासत असे.

२. शिवणयंत्र. पायाचे शिवणयंत्र, दोन्ही कात्र्या व कापडाचे कपाट भुवनेश्वरीला द्यावे. ती माझ्याकडे शिवण शिकायला आली आणि पुढे वर्ग तिनेच चालवला. पुढची खोली तिला वर्गासाठी मोकळी ठेवावी, भाडे घेऊ नये. तिच्या मुली काजे करताना जे गाणे गुणगुणतात ते बंद करू नये. शेजारच्या लोकांना ते शेतातले नडवूचे गाणे वाटते. भात लावताना बायका म्हणतात तसे. ते शेतातले नाही, तुरुंगातले आहे, आणि या मृत्युपत्रात घरापेक्षाही मोठी मिळकत तीच आहे. म्हणून तिचा दाखला सविस्तर देते.

३. गाणे. माझे सासरे एका व्यापाऱ्याचे कारकून म्हणून फार पूर्वी नाताल प्रांतात, डरबनला गेले. श्रीनिवासराव तेथेच जन्मले, तेथेच एका तमिळ शाळेत मास्तर झाले. लग्न करायला तेवढे तंजावूरला आले. मी १९५१ साली बोटीने गेले. त्यानंतर दोनच वर्षांत इकडून बायका आणायला बंदी झाली.

आमच्या गल्लीत थोकोझिले नावाची काळी बाई गोऱ्यांच्या घरचे कपडे धुवायला नेत असे. गाठोडे उतरवून ती माझ्यापाशी बसायची. मी फाटलेले शिवून द्यायची, ती मला झुलू भाषा शिकवायची. मी तिला एकदा उप्पुमा दिला. तो तोंडात घोळवत ती म्हणाली, "चांगला आहे. पण वाळूला फोडणी का दिलीस?" तिला चार वर्षांची मुलगी होती, झानेले. मी शिवलेला पहिला झगा त्या मुलीचा.

त्या देशात काळ्या माणसाला आपल्याच गावात फिरायला परवाना बाळगावा लागे. १९६० साली त्याविरुद्ध उठाव झाला, गोळीबार झाला, आणि सरकारने आणीबाणी पुकारून माणसे उचलली. श्रीनिवासरावांनी शाळेच्या यंत्रावर पत्रके छापून दिली होती. त्यांना वर्गातून नेले. थोकोच्या नवऱ्याला गोदीवरून नेले. आम्ही बायका, काळ्या आणि हिंदी, म्हणजे आपल्याकडच्या, डबे घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी गेलो. अधिकाऱ्याने जा म्हटले. आम्ही तेथेच मातीत बसलो. तेव्हा आम्हालाही आत घेतले.

तुरुंग भरला होता, म्हणून आम्हाला एकाच लांबट खोलीत कोंडले. मध्ये खडूने रेघ मारली. रेघेच्या अलीकडे हिंदी, पलीकडे काळ्या. अलीकडे पाव, साखर घातलेला चहा, झोपायला जाड चटई. पलीकडे मिठाशिवाय मक्याची पेज, पातळ चटई, आणि पायात काही नाही. सरकारी नियमच तसा होता.

पहिल्या सकाळी मी पाव हातात घेतला आणि समोर थोको बसलेली दिसली. ती पोटुशी होती, सातवा संपत आला होता. मी पहाऱ्यावरच्या मेट्रनला म्हटले, "हिला जे देता ते मला द्या."

मेट्रन म्हणाली, "तू हिंदी आहेस. तुझं जेवण बरं आहे. खा आणि उपकार मान."

"मग हिलाही पाव द्या."

"नियमात नाही."

"तर मला पेज द्या."

"तेही नियमात नाही."

ती रागाने बोलत नव्हती. लोणच्याची कृती सांगावी तशी सांगत होती. माझ्या शेजारी गोविंदम्मा होती, उसाच्या मळ्यात जन्म गेलेली पन्नाशीची तमिळ बाई. तिने आपला पाव नेऊन खडूच्या रेघेवर ठेवला. मग मी ठेवला. मग सगळ्यांनी. पलीकडच्या बायकांनी तो उचलला नाही. त्यांनी आपल्या पेजेची भांडी आणून शेजारी ठेवली. त्या दिवसापासून कोणीच जेवले नाही.

थोकोला आम्ही सगळ्यांनी विनवले, तू तरी खा. ती म्हणाली, "तुम्ही उपाशी आणि मी खाऊ? पोटातलं ऐकत असतं."

उपास लांबला तसे शिपाई दंडुके घेऊन आत आले. भांडी लाथाडली, बायकांना केस धरून रेघेच्या दोन बाजूंना ओढले. थोकोने माझा हात धरला होता. तो सुटावा म्हणून एका शिपायाने तिच्या पोटावर बूट मारला. त्याचे नाव मला कधीच कळले नाही. केस तांबूस होते, वय फार नव्हते. मारून झाल्यावर त्याने टोपी नीट केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोकोला कळा सुरू झाल्या आणि रक्त थांबेना. आम्ही दार ठोकले. सगळ्यांनी मिळून पत्र्याची ताटे दारावर आपटली. मेट्रन जाळीशी आली आणि म्हणाली, "डॉक्टर सोमवारी येतात." त्या दिवशी शुक्रवार होता.

गोविंदम्माने मूल सोडवले. मुलगी. ती रडली नाही. थोको दुपारपर्यंत होती. तिने पाणी मागितले, आमच्याकडे होते तेवढे दिले. मग म्हणाली, "झानेलेला सांगा," आणि काय सांगायचे ते राहून गेले. दोघींना एका घोंगडीत गुंडाळून नेले. कोठे पुरले ते आजवर कोणाला ठाऊक नाही.

पुढच्या आठवड्यात नियम बदलला. सगळ्यांना सारखेच जेवण सुरू झाले: मक्याची पेज, मिठाशिवाय. हा आमचा विजय.

कागद-पेन्सिल मिळत नव्हती, सापडली तर मार होता. म्हणून गोविंदम्मा म्हणाली, जे झाले त्याचे गाणे करू. प्रत्येकीने आपल्या भाषेत एकेक ओळ करायची आणि प्रत्येकीने सगळ्यांच्या ओळी पाठ करायच्या, म्हणजे एक जरी बाहेर पडली तरी सगळे बाहेर पडेल. झुलू, तमिळ, गुजराती, हिंदी ओळी आहेत. मराठी येणारी मी एकटी. माझी ओळ अशी:

दार वाजविले, ताट वाजविले, कोणी न ये गे बाई,
थोको निजली लाल चटईवर, बाळ तिचे रडले नाही.

खोलीतल्या सगळ्या बायका ही ओळ शिकल्या. त्यांच्या तोंडी 'चटई'चे 'चताई' होई. मी ती चूक दुरुस्त केली नाही.

४. यजमानांच्या वस्तू. श्रीनिवासरावांचा चष्मा, धोतरजोडी व पितळी मोहोर हरिताने ठेवावी. त्यांना वेगळ्या तुरुंगात एकट्याला ठेवले होते. सुटले तेव्हा डाव्या कानाने ऐकू येत नव्हते. सरकारने आम्हाला परत न येण्याच्या अटीवर देश सोडू दिला. मुंबईपर्यंत बोटीवर ते डेकवर बसून असत. मी विचारले, "तुम्हाला आत काय केलं?" ते म्हणाले, "तुला गाणं तरी आहे." पुढे त्याबद्दल कधी बोलले नाहीत. १९६८ साली गेले. त्यांची हकिकत त्यांच्याबरोबर गेली. माझ्यापाशी ती नाही, म्हणून कोणाला देता येत नाही.

५. ध्वनिफिती. १९८४ साली गोविंदम्मा यात्रेसाठी इकडे आली. चिदंबरम करून माझ्याकडे उतरली. पडवीत बसून आम्ही दोघींनी सगळे गाणे म्हटले व टेपरेकॉर्डरवर भरले. हरिता तेव्हा लहान होती, आमच्यामध्ये बसून चिंचोके खेळत होती. गोविंदम्मा परत गेल्यावर दोन वर्षांत वारली.

१९९१ साली दक्षिण आफ्रिकेवरचा बहिष्कार उठून त्यांचा क्रिकेटचा संघ भारतात आला. मुरलीने नवा रंगीत टीव्ही घेतला होता. मला न्यायला तो स्वतः मोपेडवर आला. "अत्या, तुझा देश आला की खेळायला! चल पाहायला." मी गेले. मैदानात उतरलेल्या अकरांत मी काळा चेहरा शोधत राहिले. एकही नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते. मी कॉफी घेतली आणि घरी आले.

पुढच्या महिन्यात गोविंदम्माची फीत लावली तर तिच्यातून त्या सामन्याचे रेडिओवरचे धावते वर्णन ऐकू आले. मुरलीने माझ्या कपाटातून ती नेली होती. मी विचारले तेव्हा म्हणाला, "त्यांत काय होतं, अत्या? दोन म्हाताऱ्या हुंदके देत होत्या. मला वाटलें, कामाची नाही."

मुरलीने ही चूक जाणून केली असे मी म्हणत नाही. पण मरणाऱ्या माणसाने सगळ्यांना क्षमा करावी असा कायदा नाही, मी त्यागराज वकिलांना विचारून घेतले आहे. मी क्षमा केलेली नाही. ती फीत मुरलीला द्यावी.

मी त्या दिवशी जेवले नाही. संध्याकाळी हरिता आली, माझ्या पायाशी बसली आणि गोविंदम्माच्या ओळी म्हणू लागली. ही मुलगी वर्षानुवर्षे फितीबरोबर गात आली होती. म्हातारी जेथे श्वास घ्यायची तेथे हीही श्वास घेई. आम्ही पुन्हा सगळे भरले. आवाज हरिताचा, ओळी त्यांच्या. त्या नव्या फितींच्या तीन प्रती आहेत, त्या हरिताच्या. गोविंदम्माचा आवाज मात्र गेला.

६. झानेले. तिकडे नवे सरकार आल्यावर जुन्या अत्याचारांची चौकशी सुरू झाल्याचे वाचले. मी थोकोचे नाव व हकिकत लिहून पाठवली. उत्तर सभ्य होते. त्या सालचे दप्तर आधीच्या लोकांनी जाताना जाळले आहे, या नावाच्या कैद्याची नोंद मिळत नाही, तरी झुलू रेडिओवर नाव वाचून दाखवू का, असे विचारले होते. मी हो कळवले व सोबत फोन बूथचा नंबर दिला.

या वर्षी मार्चमध्ये कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथचे शेषगिरी धावत आले. "बाई, परदेशातनं फोन. बाई रडतेय. लौकर या." मला चालवत नव्हते, त्यांनी हाताला धरून नेले.

झानेले होती. तिने इंग्रजीत विचारले, "तुम्ही माझ्या आईला ओळखत होता?"

मी म्हटले, "तुझा पिवळा झगा मी शिवला."

ती म्हणाली, "आजीला पोलिसांनी कागद दाखवला. आईला सोडलं म्हणून. ती घरी आलीच नाही. लोक म्हणाले, जोहान्सबर्गला कोणाबरोबर पळून गेली. शाळेत मला त्यावरून चिडवायचे. मी तिच्यावर रागावून मोठी झाले. आज खरं सांगा. ती मला टाकून गेली का?"

मी सांगितले. सगळे सांगितले, बूट आणि सोमवारही. सांगून झाल्यावर तिने विचारले, "बाळ मुलगा होता की मुलगी?"

"मुलगी."

"कोणासारखी होती?"

छत्तीस-सदतीस वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, "कपाळ तुझ्यासारखं होतं." खरेच होते. मग मी तिच्या आईच्या भाषेतल्या ओळी म्हटल्या. मला आता त्या भाषेत भाजी मागता येणार नाही, पण त्या ओळी येतात. पलीकडून तिने माझ्यामागे एकेक शब्द म्हटला. शेषगिरींनी फोनचे यंत्र भिंतीकडे वळवून ठेवले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

७. हरिताचे लग्न. हा विषय मृत्युपत्राचा नव्हे, पण माझ्यामागे माझ्यावर आळ राहू नये. एप्रिलमध्ये हरिताला पाहायला चेन्नईचे लोक आले. आपलीच मराठी माणसे, मुलगा बंगळूरला संगणकाच्या कंपनीत. मुलाच्या आईने रीतीप्रमाणे म्हटले, "एखादें पद म्हण की, बाळ." हरिताने हे गाणे म्हटले. बाकी भाषा कोणाला कळल्या नाहीत, पण मराठी ओळ कळली. त्या बाईंनी कॉफीचा डबरा-पेला खाली ठेवला. "लाल चटई? कसलें पद हें?" हरिताने कसले ते सांगितले. कळवतो म्हणून गेले, कळवले नाही.

मुरली मजकडे येऊन ओरडला, "अत्या, एक जेल पुरली नाही तुला? अस्की लोकांस, एकूणएकांस, कळलें आतां. हिला कोण करून घेईल?" बापाच्या पोटातले भय खोटे नव्हते. मी हरिताला तेथे गा म्हणून सांगितले नव्हते. ऐकून मला आनंदही झाला नाही. मुलीचे ठरत आलेले लग्न मोडणे हा खेळ नव्हे. मी तिला विचारले, "का गं म्हटलंस?" ती म्हणाली, "त्यांनी विचारलं तेव्हा मला दुसरं काही आठवेनाच." घर तिला देण्याचे कारण तेच. कोणी करून घेतले नाही तर तिला कोणाच्या घरी निराळ्या ताटात जेवावे लागू नये.

८. शपथेचे कथन. वकील म्हणतात की मृत्युपत्रात असले कलम घालत नाहीत. घातल्याने मृत्युपत्र रद्द होते का, असे मी विचारले. नाही म्हणाले. तेव्हा घालते.

मी शपथेवर लिहून ठेवते की थोकोझिले, झानेलेची आई, हिला तुरुंगातून कधीही सोडले नाही. ती कोणाबरोबर पळून गेली नाही. शिपायाच्या लाथेने व डॉक्टर न आणल्याने ती माझ्या डोळ्यांसमोर मेली, व तिची नुकती जन्मलेली मुलगी तिच्याआधी मेली. कोणत्याही सरकारी कागदात हे लिहिलेले नाही. या कागदावर सरकारी शिक्का बसेल, म्हणून येथे लिहिले.

९. क्रियाकर्म. मुरलीने अग्नी द्यावा. भावाच्या वंशाचा तो हक्क मी काढून घेत नाही. थोकोच्या नावाने एक पिंड द्यावा असे माझ्या मनात होते. मी झानेलेला विचारले. ती म्हणाली, "आम्ही चर्चची माणसं. आम्ही तिच्यासाठी गाऊ." म्हणून पिंड देऊ नये. दुसऱ्याच्या आईला तिच्या मुलीला न विचारता जेवू घालू नये.

१०. प्रवास. डरबनला जुलैमध्ये त्या चौकशीची सुनावणी आहे. मला विमानात बसायची परवानगी डॉक्टर देत नाहीत, म्हणून माझ्या जागी हरिता जाईल. पोस्टातील माझी सगळी शिल्लक तिच्या तिकिटासाठी वापरावी. उरल्यास भुवनेश्वरीच्या वर्गाला द्यावी.

हरिता, तेथे कोणी विचारले तर सांग की तू काही पाहिले नाहीस, तू ऐकले आहेस. ज्या ओळीचा अर्थ तुला येत नाही तेथे येत नाही म्हणून सांग. आवाज चांगला लागावा म्हणून काही बदलू नकोस. झानेले भेटली की आधी ती बोलेल, तू थांब.

आणि हे सर्वांसाठी: सुनावणीच्या आधी मी गेले तर सुतकाचे कारण सांगून हरिताला कोणी अडवू नये. तेराव्याची वाट पाहू नये. मी घरात निजलेली असले आणि विमानाची वेळ झाली असली, तर तिने मला तशीच ठेवून जावे. मुरलीने तिला तिरुच्चीच्या विमानतळावर पोचवावे. पोचवले तर पाचव्या कलमातले जे मी लिहिले आहे, क्षमेबद्दलचे, ते त्याने खोडावे. खोडायचा अधिकार मी त्याला या कागदाने देत आहे.

माझ्या मिळकतीचा निकाल येथे संपला. वाचून, समजून, चष्मा पुसून पुन्हा वाचून सही करते.

तंजावूर, १४ जून १९९७

भागीरथीबाई श्रीनिवासराव

साक्षीदार:

१. डॉ. वर्षा, तंजावूर. सहीच्या वेळी बाई पूर्ण शुद्धीवर होत्या.

२. शेषगिरी, मानंबुचावडी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. आठवे कलम मला वाचून दाखवले. मी त्या तुरुंगात नव्हतो, तरी सही करतो.

मृत्युपत्राचा अंमल करणारे: त्यागराज, वकील, तंजावूर.